एल्वावोगचा माघारकरी

बोरगिलचं पत्र ऑक्टोबरात आलं, तेव्हा तोरलाइवने चुलीवर बटाटे उकडायला ठेवले होते. हात पुसून त्याने पाकीट फोडलं, उभ्याउभ्या वाचलं, मग खुर्चीवर बसून वाचलं, आणि पातेल्यातलं पाणी आटून बटाटे करपल्याचा वास येईपर्यंत वाचतच राहिला. मजकूर काही मोठा नव्हता.

"स्वेरे गेला. ईस्टरच्या शनिवारी गाव ग्रोनेब्बावर जाणारच. टोपी कुणीतरी घालायला हवी. मी तुझा विचार केला आहे. काय ते कळव. बोरगिल."

बोरगिल राहायची त्याच्या घराच्या वर तिसऱ्या घरात. तिने तिकीट लावून पत्र धाडलं याचं कारण उघड होतं. समोर येऊन विचारलं असतं तर तोरलाइव "बघू, बघू" म्हणत मागच्या दाराने निघून गेला असता, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तोरलाइवने पत्राचं उत्तर दिलं नाही. नाही म्हणायचं होतं म्हणून नव्हे, आणि हो म्हणायचं होतं म्हणूनही नव्हे. त्याचा स्वभावच तसा होता. उभा जन्म त्याने पुस्तकांच्या बोटीवर काढला होता. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, काठाकाठाने जाऊन प्रत्येक धक्क्यावर लोकांना पुस्तकं द्यायची, जुनी परत घ्यायची. एखादा मच्छीमार पुस्तक हातात तोलत विचारायचा, "काय रे, चांगलं आहे का हे?" तोरलाइव म्हणायचा, "काहींना तसं वाटतं." याच्या पुढे कुठल्याही पुस्तकाबद्दल त्याने कधी काही छातीठोक सांगितल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

उत्तर देण्याआधी जरा अभ्यास करावा, असं त्याला वाटलं. त्याने बर्फावरची पुस्तकं मागवली. एक म्हणे, उतार किती उभा ते बघा, सगळं त्यात आलं. दुसरं म्हणे, चढाचं काय घेऊन बसलात, रात्रीची थंडी बघा. तिसऱ्यात लिहिलं होतं की हे दोन्ही बघूनही पुरत नाही, शेवटी अनुभवच कामी येतो. आणि चौथ्याने आकडे देऊन दाखवलं होतं की हिमस्खलनात सापडणाऱ्यांत अनुभवी माणसंच कितीतरी असतात. बोरगिलचं पत्र खूण म्हणून एका पुस्तकातून दुसऱ्यात सरकत राहिलं. नाताळ गेला, फेब्रुवारी गेला, धक्क्यावरचा बर्फ काळा पडू लागला, तरी पत्र आपलं चौथ्या पुस्तकाच्या मध्यावरच.

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी बोरगिल स्वतःच आली. पायातले बूट न काढता दारातच उभी राहिली आणि पिशवीतून स्वेरेची लाल लोकरी टोपी काढून तिने पुढे केली.

"घे."

"पण मी... मी उत्तर कुठे दिलं होतं?"

"नाही दिलंस ना! नाही म्हणायचं असतं तर दुसऱ्याच दिवशी म्हणाला असतास. स्वेरेने लग्नाला हो म्हणायला दोन उन्हाळे घेतले होते. मला सवय आहे."

"बोरगिल, मला यातलं काही कळत नाही गं."

"बरं झालं. ज्यांना कळतं ते सगळ्यांत पुढे असतात. मला मागे चालणारा हवाय."

एल्वावोग गावात माघारकऱ्याची पद्धत होती. कैक वर्षांपूर्वीच्या एका ईस्टरला गावातली माणसं ग्रोनेब्बा डोंगराच्या मोठ्या उतारावर चढली आणि उतार त्यांच्यासकट खाली आला. जी वाचली त्यातला प्रत्येक जण नंतर म्हणाला, "मला आधीच काहीतरी खटकलं होतं." कुणीच बोललं नव्हतं. ज्याला त्याला वाटलं होतं, बाकीच्यांना दिसत असेलच की, मीच कशाला सणासुदीला तोंड वाईट करू? तेव्हापासून गाव दर वर्षी एक माणूस नेमतं. तो लाल टोपी घालून सगळ्यांच्या मागून चालतो. त्याने टोपी काढून काठीवर चढवली की सगळ्यांनी स्की वळवायच्या आणि माघारी फिरायचं. आणि का, म्हणून विचारायचं नाही. खाली येऊन कॉफी होईपर्यंत तर नाहीच.

स्वेरेने हे काम इतकी वर्षं केलं की टोपी म्हणजे स्वेरे, असंच लोकांना झालं होतं.

"आणखी एक," बोरगिल जाता जाता म्हणाली. "मी यंदा त्याची किटली नेणार आहे. तो कॉफी करायचा ना वर, शिखरावरच्या दगडाच्या आडोशाला, तिथेच करणार. उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर हा पाय मला पुन्हा तिथवर नेईल असं काही दिसत नाही. हे मी तुझ्यावर दडपण आणायला सांगत नाहीये हं."

"छे छे," तोरलाइव म्हणाला, आणि त्याला दडपण आलं.

शनिवारी उजाडायच्या आत निघायचं ठरलं होतं. पण योस्टाइनच्या भावाचं बिऱ्हाड पहिल्या फेरीबोटीने यायचं होतं, फ्योर्डवर धुकं होतं, फेरी उशिरा लागली. योस्टाइनचा माशांचा कारखाना होता आणि आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. वाट कुणी काढायची असा प्रश्न त्याच्या हयातीत गावाला पडला नव्हता. तो वेलदोड्याच्या पावांची टोपली घेऊन सगळ्यांत फिरत होता. "खाऊन घ्या, खाऊन घ्या! डोंगर कुठे पळून जात नाही."

तोरलाइव मात्र आभाळाकडे बघत होता. रात्रभर ढग होते, ते आत्ता कुठे फाटू लागले होते. ढगांचं पांघरूण असलं की रात्रीचा बर्फ धड गोठत नाही, आणि न गोठलेल्या बर्फावर ऊन पडलं की तो भिजलेल्या साखरेसारखा होतो. एवढ्या एका गोष्टीवर मात्र चारही पुस्तकांचं एकमत होतं. पण खालच्या जंगलात बर्फ कडक लागत होता. बुटाखाली कुरकुरत होता. तोरलाइवला वाटलं, आपण उगाच.

योस्टाइनची मुलगी सिग्ने बर्गनला डॉक्टर होती, सुट्टीला आली होती. ती वाटेच्या तोंडाशी उभी राहून एकेकाच्या छातीवरचं यंत्र तपासत होती. माणूस बर्फाखाली गेला तर त्याचा ठावठिकाणा सांगणारं ते यंत्र. "बीप. जा. बीप. जा. बाबा, तुझं वाजत नाही."

"माझं लाजतंय."

"बॅटरी बदल. नाहीतर तू पण इथेच बसून लाज."

योस्टाइनने मुकाट्याने बॅटरी बदलली. फावडी, बर्फात खुपसायच्या लांब काठ्या, संत्री, चॉकलेट, तपकिरी चीज लावलेले पाव, असं सगळं पाठीवर घेऊन वीसेक माणसं निघाली. सगळ्यांच्या शेवटी तोरलाइव. टोपी त्याला मोठी होत होती. दर दहा पावलांनी ती चष्म्यावर उतरायची आणि तो ती मागे सारायचा.

"मागे कसं काय?" पुढून योस्टाइन ओरडायचा.

"चाललंय," तोरलाइव म्हणायचा, पण ते चौथ्या माणसाच्या पुढे ऐकू जायचं नाही.

बर्चची झाडं संपली तसं ऊन आलं. ग्रोनेब्बाचा मोठा उतार समोर पांढराधोप, वर शिखराच्या कडेला बाहेर आलेला बर्फाचा छज्जा, आणि उताराच्या मधोमध कालच्या कुणाच्या तरी स्कीच्या स्वच्छ रेघा. उताराच्या तोंडाशी एक सपाट जागा आहे. दरवर्षीसारखे सगळे तिथे थांबले. योस्टाइनने हात पसरला. "बघा! रस्ता तयार आहे. आठवडाभर हा उतार माणसं पेलतोय. एकेक करून जायचं, मध्ये अंतर ठेवायचं, संपलं. शिखरावर किटली, किटलीत कॉफी!"

"ऐकलंस का रे स्वेरे," बोरगिल पाठीवरच्या पिशवीला म्हणाली, आणि लोक हसले.

तोरलाइव हसला नाही. बर्फ बघायला तो कडेकडेने लोकांच्या पुढे, पहिल्या खडकापाशी आला होता, आणि त्याची काठी मुठीपर्यंत आत गेली होती. त्याने ती उपसून दुसरीकडे टोचली, तिथेही मुठीपर्यंत. वर उन्हातल्या खडकांखालून संत्र्याएवढा बर्फाचा एक गोळा सुटला आणि मोठा होत होत उतारावरून गडगडत आला. मग दुसरा. पण गोळे तर वसंतात येतातच. काठी तर खडकाजवळ आत जातेच. त्याने वळून लोकांकडे पाहिलं. सगळे उताराकडे बघत होते. एकमेकांकडे कुणीच बघत नव्हतं.

बोलावं का? काय म्हणून बोलावं? आपल्याला सगळ्याचीच भीती वाटते. दुकानात सुट्टे पैसे मागायचीसुद्धा वाटते. ही त्यातलीच एक असेल तर? आपल्या भित्रेपणापायी एका बाईची किटली वर जायची राहिली, तर तिच्या दारावरून रोज जायचं कसं?

विचाराने म्हणा, चढाने म्हणा, त्याला दरदरून घाम फुटला. चष्म्यावर वाफ धरली. दिसेनासं झालं तसं त्याने काठी बर्फात रोवली, डोक्यावरची टोपी काढली, हात मोकळे हवेत म्हणून ती काठीच्या टोकावर अडकवली, आणि शर्टाचं टोक ओढून चष्मा पुसू लागला. सावकाश, दोन्ही काचा, दोन्ही बाजूंनी. चष्मा चढवून पाहतो तो समोर एकही तोंड नाही. सगळ्या पाठीच पाठी.

वीस माणसांनी स्की वळवल्या होत्या. कुणी हूं की चूं केलं नव्हतं. पोरंसोरंसुद्धा खाली तोंड करून उभी होती. बोरगिल वळताना तिच्या पाठीवरची किटली एकदा खणकन वाजली, तेवढाच आवाज.

तोरलाइव एक पाऊल पुढे सरकला. "अहो... नाही... मी..."

सगळ्यांत पुढचा योस्टाइन आता सगळ्यांत मागचा झाला होता. तो तोरलाइवच्या शेजारी येऊन थांबला आणि त्याला जमेल तितक्या हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तोरलाइव, का म्हणून विचारायची बंदी आहे, ते मी विचारत नाही. मी फक्त टोपीचं विचारतो. उकडलं म्हणून काढलीस की फिरायचंय?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळे थांबले.

टोपी परत डोक्यावर घालायला कितीसा वेळ लागणार होता? आठवडाभर गाव हसलं असतं, एवढंच. माणसं वर गेली असती, कॉफी झाली असती. बहुतेक काहीच झालं नसतं.

बहुतेक. हा शब्द तोरलाइवचा फार जुना सोबती. पण आजवर त्याने तो पुस्तकांबद्दल वापरला होता. पुस्तक वाईट निघालं तर माणसाची एक संध्याकाळ जाते. आज त्याने त्या वीस पाठींकडे पाहिलं. प्रत्येक पाठीचं नाव त्याला ठाऊक होतं. कोण काय वाचतं तेही ठाऊक होतं.

"उकडलं म्हणूनच काढली," तो म्हणाला. आवाज घोगरा निघाला, म्हणून खाकरून त्याने पुन्हा सुरुवात केली. "उकडलं म्हणून काढली. पण आता परत घालत नाही. फिरा."

"झालं!" योस्टाइन म्हणाला. "चला रे, फिरा."

उतरताना मध्ये एक घळ लागत होती. येताना तिच्यावर सावली होती, आता ऊन उतरलं होतं. एकदा तोंड उघडलंच होतं, तेव्हा तोरलाइवने आणखी एकदा उघडलं. "एकेक जण. पहिला त्या झाडापाशी पोचल्याशिवाय दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही." आणि तो स्वतः शेवटचा माणूस पार जाईपर्यंत काठीवर टोपी धरून उभा राहिला, रेल्वेच्या फाटकावरच्या माणसासारखा.

बर्चच्या झाडांतल्या उंचवट्यावर, जिथवर वरचं काही येऊ शकत नाही तिथे, सगळे बसले. थर्मास उघडले. बोरगिलने किटली पिशवीतून बाहेर काढलीच नाही. सिग्नेच्या थर्मासमधली कॉफी घेऊन ती कपाकडे बघत बसली. तोरलाइवने हातातला पाव तसाच पिशवीत परत ठेवला.

"आता कॉफी झाली," योस्टाइन म्हणाला. "आता विचारू का? का?"

"रात्री ढग होते," तोरलाइव म्हणाला. "काठी आत जात होती. गोळे येत होते. आणि आपण उशिरा निघालो होतो."

"म्हणजे उतार सुटणार होता?"

"ते मला माहीत नाही."

"बहुतेक?"

"बहुतेक नसता सुटला."

योस्टाइनने कप खाली ठेवला. मग सिग्ने संत्रं सोलता सोलता म्हणाली, "माझीही काठी मुठीपर्यंत जात होती. मला वाटलं, बाबा बोलेल."

"मी?" योस्टाइन म्हणाला. "मला वाटलं तू बोलशील! डॉक्टर तू आहेस."

"बाबा, बर्फाला ताप आला नव्हता."

हसून हसून एकाच्या नाकातून कॉफी आली. बोरगिलही हसली, पण तोरलाइवला ते हसू पाहवलं नाही.

यानंतर उतार सुटला असता तर तोरलाइवचं आयुष्य सोपं झालं असतं. पण रविवारी उतार जागच्या जागी होता. सोमवारीही होता. ओलेसुंद शहरातली दोन पोरं त्याच्यावरून चढून शिखरावर गेली, फोटो काढून दुपारच्या आत खाली आली आणि दुकानात सगळ्यांना दाखवत बसली. योस्टाइन रोज सकाळी फोन करायचा, "तोरलाइव! बातमी ऐक. अजून तिथेच आहे!" आणि खो खो हसून ठेवून द्यायचा. दुकानातल्या बाईने दुधाचे पैसे घेताना विचारलं, "दूध घेऊन जाशील ना घरापर्यंत, की अर्ध्या वाटेतून परत आणशील?"

ईस्टरला सगळा देश खुनाच्या कादंबऱ्या वाचत बसतो. तोरलाइवनेही एक उघडली होती, पण तिसऱ्या पानाच्या पुढे काही सरकेना. त्याचा सगळा जीव खिडकीत. दुर्बिणीतून तो उताराकडे बघत राहायचा. आणि एका सकाळी त्याच्या लक्षात आलं की आपण तो सुटायची वाट बघतोय. कुणी नसताना, कुणाला न लागता, पण सुटू दे एकदाचा. स्वतःच्याच मनाची त्याला इतकी लाज वाटली की त्याने दुर्बीण पावाच्या डब्यात घालून झाकण लावलं.

त्याच दिवशी बोरगिल आली. या वेळी बूट काढून आत आली. हातात काळी किटली.

"चूल पेटलेली आहे ना? ही नुसती फिरवून आणलेली वस्तू घरात ठेवायला मला बरं वाटेना. पाणी दे."

तोरलाइवने पाणी दिलं. बोरगिलने मूठभर कॉफी टाकली, उकळी आणली, किटली टेबलावर दोनदा आपटून गाळ खाली बसवला, अगदी स्वेरेसारखा. पाव काढायला म्हणून तिने डबा उघडला आणि आत बघून ती थबकली.

"ही दुर्बीण?"

तोरलाइवचे कान लाल झाले. "बोरगिल, तुझी कॉफी माझ्यामुळे राहिली. आणि तो उतार तर..."

"दुर्बीण पावाच्या डब्यात का, ते सांग."

मग त्याने सांगितलं. मनातलं ते पापही सांगितलं, टेबलाकडे बघत.

बोरगिल इतकी हसली की तिला किटली खाली ठेवावी लागली. "अरे देवा! तू पण? स्वेरे आमच्या खिडकीतून बघायचा. दर वेळी. लोकांना परतवून आणलं की आठवडाभर माझ्या घरात सुतक. 'सुट की बाबा, सुट की एकदाचा', असं त्या डोंगराला म्हणताना मी ऐकलंय त्याला. माझ्याच परसात!"

"आणि सुटायचा?"

"कुठला! एकदाच सुटला, तोही मे महिन्यात, आणि तोवर लोक त्याला हसायचं विसरूनही गेले होते." तिने दोन्ही कप भरले. "शनिवारी मला वाईट वाटलं, ते नाही म्हणत नाही. किटलीचं वाटलं. पण मी वळले ना, तेव्हा मला एकदम वाटलं, स्वेरेच मागे उभा आहे. बघायचंच नाही म्हणून मी बघितलं नाही."

दोघांनी कॉफी घेतली. कॉफी भयंकर कडू झाली होती. दोघांनीही दुसरा कप घेतला.

दारात बूट चढवताना बोरगिल म्हणाली, "माझ्या पत्राचं उत्तर मात्र तू दिलं नाहीसच."

"पण तूच म्हणालीस, उत्तर न देणं म्हणजे हो."

"ते यंदापुरतं. पुढच्या वर्षासाठी मला लेखी हवंय. ऑपरेशननंतर मी घरात पडून असणार. पोस्टाने काही आलं तर बरं वाटतं माणसाला."

तोरलाइव संध्याकाळपर्यंत लिहीत बसला. पहिलं उत्तर चार पानांचं झालं. त्यात ढग होते, काठी होती, आणि आपण या कामाला कसे लायक नाही याचं सविस्तर विवेचन होतं. दुसरं दोन पानांचं. त्यात फक्त विवेचन होतं. दोन्ही चुलीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चौथ्या पुस्तकातून बोरगिलचं पत्र काढलं, समोर ठेवलं आणि लिहिलं:

"प्रिय बोरगिल, तुझं पत्र मिळालं. माझी खात्री नाही. तरी हो. तोरलाइव."

आणि खाली, जागा उरली होती म्हणून: "टोपी मोठी होते. आतून दोन टाके घाल."

धक्क्यावरच्या लाल पेटीपाशी पोस्टाची गाडी उभी होती. टपालवाली गेर्द पेटी उघडून पत्रं पिशवीत भरत होती. तिने पाकिटावरचा पत्ता वाचला.

"अरे, ही तर तुझ्या वर तिसऱ्या घरात राहते! जाऊन दे की हातात."

"नको. पोस्टानेच जाऊ दे."

"आधी शहरात जाईल, तिथून परत येईल. सोमवार उजाडेल."

"उजाडू दे."

गेर्दने मान हलवली आणि सवयीने वर ग्रोनेब्बाकडे हनुवटी केली. "तो अजून आहे तिथेच."

"हो," तोरलाइव म्हणाला. "दिसतोय." आणि पाकीट तिच्या हाती न देता, पत्र टाकायची रीत असते तसं त्याने ते रिकाम्या पेटीच्या फटीतून आत सोडलं. गेर्दने खालून हात घालून ते काढलं, पिशवीत टाकलं आणि गाडी सुरू केली.